रविराजचा जाच

तर काल पोह्यांपाशी थांबलो होतो. पाहुण्यांच्या हातात बशा होत्या, लिंबू पिळून झालं होतं, आणि म्हाळूनं नेमका तो शब्द उच्चारला. तेवढ्यावरच तुमच्यातली निम्मी मंडळी हसत उठून गेली, त्यामुळं पुढचं राहिलंच. आज जे नव्यानं येऊन बसलेत त्यांच्यासाठी थोडं मागचंही सांगतो.

रविराज माझा नातू, माझ्या लेकाचा, सोमनाथचा धाकटा. पुण्यात एका मोठ्या हॉटेलात संध्याकाळी पियानो वाजवतो. त्यातही जॅझ नावाचा एक प्रकार आहे, तो वाजवतो. म्हाळू म्हणजे आमच्या तेलगावात सोयरिकी जमवणारा माणूस. बाजाराच्या दिवशी तो बैलांची दलालीही करतो, आणि दोन्ही धंद्यांना जीभ एकच वापरतो. पाहुणे होते परळीचे गहिनीनाथराव, त्यांची बहीण छबुबाई आणि जीपमध्ये मावतील तेवढे भाऊबंद. मुलगी वैष्णवी. परळीच्या थर्मलमध्ये, म्हणजे विजेच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत पाणी तपासायला असते. ती त्या दिवशी आली नव्हती. पोरगी बघायला जायचे दिवस गेले आता; हल्ली मुलीकडचेच येतात आणि घर, बोअर, संडास, सासू असं सगळं डोळ्यांखालून घालून जातात.

आमच्या बाजूनं अडचण एकच होती. रविराजनं पुण्याहून फोनवर बजावलं होतं, "आबा, सगळ्यांला सांगून ठेवा. कंपनीत हाय म्हनायचं न्हाई. मी जे करतो तेच सांगायचं. त्यावर पोरगी मिळाली तर मिळाली." त्याला सुट्टी नव्हती, म्हणून तो स्वतः हजर नव्हता. सोमनाथला ही अट नरड्यात अडकलेल्या बोराच्या बीसारखी झाली होती. कारण ह्या अटीपायी आधीच्या सोयरिकी अंगणातूनच परत गेल्या होत्या.

तर बशा हातात आल्या. म्हाळूनं सुरुवात झकास केली.

"पोरगं शांत हाय. मारकं न्हाई. खान्यापिन्याला कटकट न्हाई. उभं ऱ्हायलं तर बघत ऱ्हावं असं अंग हाय."

"ते समदं खरं," गहिनीनाथराव म्हणाले, "पर करतं काय?"

सोमनाथनं 'कंपनीत' म्हणायला तोंड उघडलं. मी त्याच्याकडं बघितलं. त्यानं पोह्याचा घास कोंबला. मग म्हाळूच म्हणाला, "लपवून काय करायचं? एक खोड हाय. जाच करतं."

जॅझ हा शब्द म्हाळूच्या तोंडात कधी बसलाच नाही. घरी त्याला चारदा सांगितलं होतं. तो हो हो म्हणायचा आणि त्याचा जाच करायचा.

छबुबाईचा चमचा थांबला. गहिनीनाथराव म्हणाले, "काय करतं?"

"जाच. संध्याकाळी. मोठ्या हाटेलात."

"हाटेलात?"

"लोकं जेवता जेवता बघतेत. टाळ्या वाजवतेत."

"अन् कुनाला करतं?"

"जुन्याला हात लावत न्हाई," म्हाळू अभिमानानं म्हणाला. त्याला गाण्यांबद्दल सांगायचं होतं, पण 'गाणं' हा शब्द तेवढा राहून गेला. "नवं, कोवळं असलं की धरतं. अन् मंग असं करतं, असं करतं, की जल्म देनाऱ्यानं सुदीक वळखू न्हाई."

माझं आयुष्य गेलं लोकांची तोंडं बघण्यात, पण इतकी तोंडं एका वेळी एवढी उघडी राहिलेली मी पाहिली नव्हती. छबुबाईनं बशी खाली ठेवली आणि पदर खोचला. गहिनीनाथराव उठले. म्हणाले, "मारकं न्हाई म्हनता अन् जाच करतं म्हनता? अन् ते बी चारचौघांत? सोमनाथराव, तुमच्या तोंडावर तुमच्या पोराचं सांगतोय हा मानूस, अन् तुमी पोहे खाताव?"

सोमनाथच्या तोंडात खरंच पोहे होते. ते गिळून खुलासा करेपर्यंत जीप सिरसाळ्याच्या रस्त्याला लागली होती.

आता ह्या पोराला ही खोड लागली कशी, ते सांगतो. शाळेत असताना प्रार्थनेला पेटी वाजवायचं काम त्याच्याकडं होतं. पोरं एका सुरात म्हणायची आणि हा खालून भलतेच सूर घुसडायचा. चुकीचे नव्हेत हं; शेजारच्या घरचे म्हणा. एकदा त्यानं एवढे घुसडले की रांगेतली पोरं एक ओळ दोनदा म्हणाली आणि राष्ट्रगीताच्या जागेवर हजेरी सुरू झाली. गुरुजींनी बोलावून विचारलं, "पेटीला खाज सुटली का रे?" हा म्हणाला, "गुर्जी, तेच तेच वाजवून तिला कंटाळा आलता."

पुढं हनुमानच्या बँजो पार्टीत कॅसिओ वाजवायला लागला. हनुमान मोठा कलावंत. त्याच्या पार्टीशिवाय आमच्याकडं हळद अंगाला लागत नाही. पण एका वरातीत रविराजची बोटं सुटली. नाचणाऱ्यांना ठेका कळेना, दोघांचे पाय एकमेकांत गुंतले, नवरदेवाचा मेव्हणा फेट्यासकट पडला आणि घोडा उभा राहिला तो हलेना. हनुमाननं तिथंच कॅसिओची वायर काढली. म्हणाला, "पोरा, तुज्या बोटांला ब्रेक न्हाईत बे." मी विचारलं तर रविराज म्हणतो, "आबा, घोड्याला तेवढं कळलं. तो ऐकायला थांबला." आमच्या घरात आत्मविश्वास कधी कमी पडला नाही, बाकी सगळं पडलं.

मग सोमनाथनं त्याला मोटारी दुरुस्त करायचं शिकायला पुण्याला पाठवलं. डिप्लोमा केला त्यानं, मन लावून केला. पण खोली मिळाली ती कॅम्पातल्या एका म्हाताऱ्या ख्रिस्ती बाईंच्या घरात, आणि त्यांच्या बैठकीत पियानो. नवरा गेल्यापासून त्यावर नुसत्या फुलदाण्या होत्या. रविराजनं आधी फुलदाण्या पुसून दिल्या, मग झाकण पुसून दिलं, मग आतलं पुसता पुसता वाजवून बघितलं. बाईंनी त्याच्या बोटांवर पट्टी मारून मारून शिकवलं. जॅझच्या तबकड्या ऐकवल्या. पोरगं मोटारीतून उठलं ते कायमचं.

तो करतो काय, हे मला कळायला वेळ लागला. हल्लीची शहरातली पोरं-पोरी स्वतःच गाणं लिहितात, स्वतःच चाल लावतात, आणि मांडीवर गिटार घेऊन गादीवर बसून म्हणतात. ते मोबाईलवर सोडून देतात आणि रातोरात लाखो लोक ऐकतात. गाणी कशावर, तर मेसेज बघितला पण उत्तर दिलं नाही, असल्या दुःखावर. तसलीच काही गाणी डीजेवर नाचायला येतात. रविराज ती उचलतो. मी विचारलं, "दुसऱ्याचं गानं कावून घेतो? सोताचं बसव की." तर म्हणाला, "आबा, तेलगावहून परळीला समदे सिरसाळ्यावरून जातेत. मी बी तिकडूनच जातो. फकस्त मधी कुनाच्या बांधावरून उतरतो, पावन्याकडं च्या पितो, त्याची म्हैस बघतो, अन् परळीला तुमच्या संगंच पोचतो." मी म्हटलं, "आमच्या संग पोचायचं तर बांधावरून कावून?" तर म्हणाला, "म्हैस बघायला." चांगली म्हैस बघायला मीही वाट वाकडी केलेली आहे.

असो. जीप गेली, आणि म्हाळूचा शब्द जीपच्याही पुढं गेला. परळीपासून आष्टीपर्यंत जिथं जिथं आमचे सोयरे, तिथं एकच बातमी: तेलगावच्या सोमनाथचं पोरगं जाच करतं. लग्नाआधीच. आष्टीहून माझ्या साडूचा फोन आला, "पोराला पोलिसांनी धरलं का वो?" सोमनाथनं त्या दिवसापासून पारावर बसणं सोडलं. रविराज घरी आला तेव्हा बापानं त्याला ओसरीवरच गाठलं.

"कंपनीत हाय म्हनलं असतं तर काय बिघडलं असतं बे तुजं?"

"मग लगीन झाल्यावर तिनं रोज सकाळी डबा भरून कंपनीत पाठवलं असतं. मी डबा घेऊन कुठं बसायचं, दादा?"

"पियानो सोड. धारूरला स्पेअर पार्टचं दुकान घालून देतो. पोरीची रांग लागंल."

"दुकानाला पोरगी द्यायलेत का मला?"

"आता तुला कोन द्यायलंय? जाचाला कोन पोरगी देईल?"

रविराज गप्प झाला. तो थट्टेवारी बोलत होता तोवर मला काळजी नव्हती. गप्प झाला तेव्हा वाटली. पोराला संसार हवा होता हो. फक्त पियानो विकून नको होता, आणि लपवूनही नको होता. आई सत्यशीला शेजारणींना 'नोकरीचं बघायलाय' असं सांगते हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी तो मला म्हणाला, "आबा, आनखी एखादी सोयरीक फिरली तर दादाच्या दुकानात बसतो. आईला बाजारात मान खाली घालून फिरायला लावायचा मला काय हक्क हाय?"

आणि तेवढ्यात परळीहून म्हाळूला फोन. गहिनीनाथराव. म्हाळूनं आधी पलीकडून शिव्या येतील म्हणून फोन कानापासून लांब धरला, मग हळूहळू जवळ आणला. झालं होतं असं, की वैष्णवीनं ही जाचाची गोष्ट ऐकली आणि मोबाईलवर पोराचं नाव घालून बघितलं. पाणी तपासणारी पोरगी, रंग बघून विश्वास ठेवणारी नव्हे. पियानो सापडला. ती बापाला म्हणाली, "अण्णा, जाच न्हाई, जॅझ." गहिनीनाथराव म्हणाले, "दोन्हीत फरक काय, ते ऐकल्याबिगर कसं कळायचं?" आणि म्हाळूला निरोप दिला, "पोरगं दाखवायला घेऊन या. वाजवून दाखवू द्या. वैष्णवीला पसंत पडलं तर बघू. न्हाई पडलं तर तुमचं तुमाला अन् आमचं आमाला."

पोरगं दाखवायला! माझ्या हयातीत मी पोरी दाखवताना बघितल्या. खाली मान घालून येताना, पाटावर बसताना, 'सुईत दोरा ओव गं' म्हटल्यावर थरथरताना बघितल्या. पोरगं दाखवायला निघालेलं पहिल्यांदा बघत होतो. सत्यशीलानं त्याचा शर्ट दोनदा इस्त्री केला. सोमनाथनं जीपमध्ये सगळा रस्ता एकच सूचना दिली, "लई वाकडं वाजवू नको." मी पुढं बसलो होतो आणि मला हसू आवरत नव्हतं.

परळीत गहिनीनाथरावांचं घर स्टेशनच्या अंगाला. थर्मलची राख तिथं अंगणात पाहुण्यासारखी येऊन बसते. छबुबाई दर घटकेला खुर्च्या पुसत होती. पियानो कुठून येणार? त्यांनी ओळखीच्या बँजो पार्टीचा कॅसिओ आणून ठेवला होता. त्याला लाल-हिरवे दिवे होते, आणि एक बटण अडकलेलं होतं. कोणत्याही पट्टीवर बोट ठेवलं की आतून आपोआप ढोलकी सुरू व्हायची.

रविराज सतरंजीवर बसला. समोर छबुबाई. बाजूला खुर्चीत वैष्णवी, हातात चहाचा कप. चहा पोरानं आणायचा का पोरीनं, ह्यावर आत बरीच चर्चा झाली असावी, कारण शेवटी तो गहिनीनाथरावांनी स्वतः आणला होता.

"नाव?" छबुबाईनं विचारलं.

"रविराज."

"रंग उन्हानं झालाय का मूळचाच?"

"मूळचाच, आत्या. पुन्यात ऊन लागत न्हाई."

"सैपाक येतो?"

"खिचडी. अन् अंड्याची पोळी."

"केस खरे हायेत ना?"

त्यानं डोकं पुढं केलं. म्हणाला, "वढून बघा." आणि छबुबाईनं खरंच ओढून बघितले. सोमनाथनं डोळे मिटले. वैष्णवी हसली नाही, पण कप ओठांपाशी न्यायचा विसरली.

"वाजवा आता," गहिनीनाथराव म्हणाले. "वैष्णवी, कोन्तं गानं सांगतीस?"

तिनं सांगितलं. एका पोरीनं गिटारवर म्हटलेलं गाणं होतं, तेव्हा सगळ्या तरुण पोरींच्या मोबाईलवर तेच. 'येशील तर ये, पण चप्पल बाहेर काढून ये' अशी त्याची सुरुवात. रविराजनं बोटं ठेवली. ढोलकी सुरू झाली. त्यानं त्या अडकलेल्या बटणाकडं एकदा रागानं बघितलं, मग ढोलकीलाच सोबतीला घेतलं. ढोलकी सरळ रस्त्यानं चालली आणि हा बांधावरून. कधी तिच्या मागं राहायचा, कधी पुढं जाऊन वाट बघायचा. गाणं मधेच दिसायचं, मधेच उसात शिरायचं. एक भाऊबंद मान डोलवायला लागला, पण चुकीच्या जागी, म्हणून त्यानं थांबवली. बाहेरून कोळशाची गाडी गेली. रविराजनं तिच्या भोंग्याचा सूर पकडून तोही आत घेतला, आणि शेवटी बटणावर थाप मारून ढोलकी बंद केली.

मग छबुबाई म्हणाली, "झालं का जुळवून? वाजवा आता."

"झालं वाजवून, आत्या."

"हेच व्हय?"

सोमनाथनं कपाळाला हात लावला. गहिनीनाथरावांनी लेकीकडं बघितलं. "वैष्णवे, मला तर ह्यात चप्पल कुठं दिसली न्हाई. तुला दिसली का?"

"दिसली," वैष्णवी म्हणाली. गाण्याचं नाव सांगितलं तेवढं सोडलं तर त्या दिवशी ती पहिल्यांदाच बोलली. कप खाली ठेवून ती सरळ रविराजकडं वळली. "पर शेवटच्या कडव्यात एक ओळ हाय, 'माझ्या घरात माझं चालंल'. ती तुमी वाजवलीच न्हाई. बाकी समदं हाय, तीच गाळली. कावून?"

आता बघा, सगळी सोयरीक ह्या एका ओळीवर येऊन उभी राहिली. खोलीतल्या प्रत्येक बाईला कळलं तिनं काय विचारलं ते. छबुबाईसुद्धा सरसावून बसली. सोमनाथ माझ्या कानात म्हणाला, "गेलं. हे बी गेलं."

पण म्हाळू खाली बसणारा नाही. लंगडा बैल असला तर 'दमानं चालतो' म्हणून विकणारा गडी. तो पुढं सरकला, म्हणाला, "ताई, गाळली न्हाई! ती जागा सोडली. जाचात," मग जीभ चावून, "जॅझात, जागा सोडतेत. मुद्दाम. मोठी मोठी मानसं सोडतेत. म्हंजी घरात तुमचं चालंल, तिथं हा बोलनार न्हाई, असा त्याचा अर्थ!"

काय बोलला! भाऊबंदांच्या तोंडून 'व्वा' निघालं. गहिनीनाथरावांची मान हलली. सोमनाथचा चेहरा पहाटेसारखा उजळला. रविराजनं नुसती मान डोलवायची होती. खोटंही बोलावं लागत नव्हतं, नुसतं गप्प बसायचं होतं.

तो गप्प बसला नाही. त्यानं तिला उत्तर दिलं, आणि ते ऐकून वैष्णवी इतकी हसली की बापाला वेगळं विचारायची गरज उरली नाही. गहिनीनाथरावांनी नारळ आणायला माणूस पाठवला. साखरपुडा त्याच महिन्यात झाला. छबुबाई आजही म्हणते की पोरानं अजून वाजवलेलंच नाही. म्हाळू मात्र बाजारात, पारावर, दिसेल त्याला सांगत सुटलाय की आपल्या त्या जागेच्या बोलण्यावर लग्न जमलं, पोरानं नुसती मान हलवली. साफ खोटं. मी तिथंच बसलो होतो. रविराज तिला जे बोलला ते असं:

"म्हाळूमामा उगंच सांगायलेत, तसलं काही न्हाई. ती ओळ मला येतच न्हाई. ती जिथं चढते तिथला सूर मला कधी घावलाच न्हाई, म्हनून तिथं आलं की मी डाव्या हातानं नुसतं गुडगुड करतो अन् पुढं सटकतो. आजवर कुनाच्या ध्यानात आलं न्हाई, तुमच्या आलं. तुमी एकदा म्हनून दावा, मंग मी पुन्ना वाजवतो."